परमुलखातली सराई आणि दारावरची खूण

परक्या गावी दिवेलागणीला उतरावे, तर पहिला प्रश्न पोटाचा असतो. एस. टी.च्या थांब्यासमोर चार खानावळी दिसतात आणि चारही पाट्यांवर ‘उत्तम जेवणाची सोय’ असेच लिहिलेले असते. मग आपण काय करतो? पाटी वाचून आत शिरत नाही. कोपऱ्यावरच्या पानवाल्याजवळ जातो आणि विचारतो, “काय हो, तुम्ही स्वतः कुठे जेवता?” हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. आज तो इतिहास मी तुम्हांला युरोपातल्या वाटसरूंच्या निमित्ताने सांगणार आहे. त्यांचा प्रश्न आपल्यापेक्षा एका गोष्टीने अवघड होता. त्यांना जेवणाबरोबर चांगली वाइनही हवी असे.

वाइन म्हटल्यावर काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. मी स्वतः माळकऱ्याच्या घरातला. वाइन चाखून तिची प्रत सांगणे माझे काम नव्हे. पण इटली, फ्रान्स, ऑस्ट्रिया या द्राक्षांच्या मुलखांत जेवणाच्या पाटाशी वाइन असणे हे आपल्याकडे ताक असण्यासारखेच समजले गेले आहे. शिवाय जुन्या काळी प्रवासात वाटेवरच्या पाण्याचा भरवसा नसे. रोमन कवी होरेस रोमहून दक्षिणेकडे निघाला, तेव्हा पहिल्याच टप्प्यात एका मुक्कामी पाणी इतके वाईट निघाले की तो उपाशी राहिला. तिथल्या सराईवाल्यांनाही त्याने चार शब्द सुनावून ठेवले आहेत. म्हणून वाइन चांगली आहे की आंबलेली, पाणी घातलेली आहे की निर्भेळ, हा त्या वाटसरूला चैनीचा प्रश्न वाटत नसे. पोट बिघडले तर परमुलखात त्याला विचारणारे कोण होते?

आता पाँपेई शहराकडे चला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट झाला आणि हे शहर राखेखाली गाडले गेले. त्यामुळेच ते आपल्याला जसेच्या तसे मिळाले. तिथे रस्त्याच्या कडेला दगडी ओटे असलेली दुकाने सापडतात. ओट्यात मोठे रांजण बसवलेले असतात आणि त्यांत अन्न व वाइन ठेवलेली असे. एका गुत्त्याच्या भिंतीवर भाव लिहिलेला आहे : एक आस हे नाणे दिले तर साधी वाइन, दोन दिली तर बरी आणि चार दिली तर फालेर्नियन, म्हणजे त्या काळची नामांकित वाइन. गिऱ्हाइकाला बाहेरूनच सगळे कळावे अशी ही व्यवस्था. पण त्याच शहरात दुसऱ्या एका भिंतीवर कोणा चिडलेल्या गिऱ्हाइकाने गुत्तेवाल्याला शाप देऊन ठेवला आहे, की हा गृहस्थ आम्हांला पाणी विकतो आणि निर्भेळ माल स्वतः पितो. गुरुजी मंडळींनी या दोन भिंती वर्गात एकापुढे एक ठेवून पाहाव्यात. एक विकणाऱ्याचा शब्द, दुसरा पिणाऱ्याचा.

२०२० साली तिथलेच एक दुकान पूर्ण उकरून काढण्यात आले. ओट्यावर कोंबडा, बदके आणि साखळीला बांधलेला कुत्रा यांची चित्रे अजून ताज्या रंगात आहेत. वाइनच्या रांजणाच्या तळाशी पावट्यासारख्या एका दाण्याचे पीठ सापडले. वाइनचा रंग आणि चव पालटण्यासाठी ते घालत. ही लबाडी होती की रोजची रीत, ते दुकानदारालाच ठाऊक. मात्र वरून पाहणाऱ्या परक्या माणसाला रांजणाचा तळ दिसत नाही, एवढे खरे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या मातीची आहे. त्याच पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने हिंदी महासागराच्या व्यापाराचे वर्णन लिहिले. त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे आणि इटलीच्या वाइनला अधिक मागणी असल्याचे तो सांगतो. भडोचहून वाटा पैठणला आणि तेरला जात. नेवाशाच्या उत्खननात रोमन धाटणीच्या, दोन कानांच्या कुंभांचे तुकडे मिळाले आहेत. म्हणजे त्या काळी आपल्या गोदाकाठचा कोणी सावकारही हाच प्रश्न विचारीत असेल : हा माल खरोखर इटलीचा, की वाटेत कुठे भरलेला?

आता एक प्रसिद्ध दंतकथा ऐका. रोमच्या उत्तरेस बोल्सेना नावाचे सरोवर आहे आणि त्याच्या काठच्या टेकडीवर मोंतेफियास्कोने हे गाव आहे. आल्प्स ओलांडून रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट या गावावरून जात असे. ११११ साली जर्मन राजा पाचवा हेन्री राज्याभिषेकासाठी रोमला गेला. कथा अशी की त्याच्याबरोबर एक धर्माधिकारी होता आणि त्याला वाइनची फार आवड. त्याने आपल्या मार्टिन नावाच्या चाकराला एक मजल पुढे पाठवले. चाकराने प्रत्येक सराईत वाइन चाखायची आणि चांगली असेल तिथे दारावर खडूने ‘एस्त’ असा लॅटिन शब्द लिहायचा. एस्त म्हणजे ‘आहे’. इथे चांगली वाइन आहे. धनी मागून यायचा आणि खूण पाहून मुक्काम टाकायचा. मोंतेफियास्कोनेला आल्यावर चाकर इतका खूश झाला की त्याने एकदा नव्हे, तीनदा लिहिले : एस्त, एस्त, एस्त! धनी आला, उतरला, पीत बसला आणि त्याच गावी अतिपानाने मेला.

गावातल्या संत फ्लाव्हियानोच्या देवळात आजही एक जुनी, झिजलेली समाधिशिला दाखवतात. फार एस्त झाल्यामुळे माझा धनी इथे मेला, अशा अर्थाचे शब्द चाकराच्या तोंडी तिच्यावर कोरलेले आहेत. म्हणतात की दरवर्षी आपल्या समाधीवर वाइनचे एक पिंप ओतावे, अशी अट घालून त्याने गावाला पैसा ठेवला होता. पुढे एका कार्डिनलला ही नासाडी वाटली आणि ती वाइन धर्मविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडे वळवण्यात आली. विद्यार्थ्यांची तक्रार असल्याचे ऐकिवात नाही!

ही गोष्ट खरी किती? इतिहास शिकवणाऱ्याने गोष्ट रंगवून सांगावी आणि मग लगेच तिची फोड करावी. राजा ११११ साली रोमला गेला आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याचा अभिषेक झाला, हे खरे. पण धर्माधिकाऱ्याचे नाव बहुतेक ठिकाणी योहानेस फुगर असे सांगतात, आणि तिथेच घोटाळा होतो. फुगर हे आउग्सबुर्ग शहराचे नामांकित सावकार घराणे. त्या घराण्याचा मूळ पुरुष आउग्सबुर्गला आला तो १३६७ साली. त्याच्या अडीचशे वर्षे आधी फुगर नावाचा बडा धर्माधिकारी राजाबरोबर हिंडत होता, हे मानणे कठीण. शिळेवरचे नावही नीटसे फुगर असे वाचता येत नाही. बहुधा शिळा आधीची, आणि पुढे तिच्यावर सावकाराचे गाजलेले नाव चढले.

तरीही मला ही कथा मोलाची वाटते. तिच्यात सराईवाला काही बोलतच नाही. बोलतो तो चाकर. त्याला सराईवाल्याकडून काही मिळायचे नाही आणि खोटे लिहिले तर धन्याचा मार त्यालाच खायचा. परमुलखात साक्षीदार हवा तो असा.

पुढे काय झाले तेही पाहा. आज ‘एस्त! एस्त!! एस्त!!!’ हे त्या गावच्या पांढऱ्या वाइनचेच नाव आहे, उद्गारचिन्हांसकट. १९६६ साली इटलीच्या कायद्याने त्या नावाला मान्यताही दिली. जाणकार मात्र म्हणतात की वाइन मध्यम आहे आणि नाव थोर. माझ्या मते यात नवल काही नाही. चाकराच्या हातचा खडू दुकानदाराच्या हाती गेला की असेच व्हायचे.

सोळाव्या शतकातला थोर विद्वान इरॅस्मस याने सरायांवर एक खुसखुशीत संवाद लिहिला आहे. तो १५२३ मधला. त्यात फ्रान्समधल्या लियों शहराच्या सराया आणि जर्मनीतल्या सराया यांची तुलना आहे. लियोंमध्ये बायका हसून स्वागत करतात, जेवण झकास, पैसे थोडे. जर्मनीत मात्र दारात उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडावे, तेव्हा खिडकीतून कासवासारखे एक डोके बाहेर येते. आत एकाच शेगडीच्या खोलीत ऐंशी-नव्वद माणसे कोंबलेली. टेबलावरचे कापड शिडाच्या कापडासारखे जाडेभरडे. वाइन आंबट. दुसरी मागितली तर मालक आधी ऐकलेच नाही असे दाखवतो, आणि फार आग्रह धरला तर म्हणतो, इथे मोठमोठे सरदार उतरून गेले, कोणी वाइनला नाव ठेवले नाही. तुम्हांला पसंत नसेल तर दुसरी सराई शोधा. रात्र झालेली, गाव परके, दुसरी सराई कुठे शोधणार? आपल्याकडे नाक्यावरचा मालक अगदी याच सुरात बोललेला मी ऐकला आहे.

दुकानदाराने स्वतः लावलेली खूण नेहमी खोटीच असते, असा मात्र समज करून घेऊ नका. युरोपात फार जुनी चाल अशी की जिथे वाइन विकायची तिथे दारावर झाडाची हिरवी डहाळी टांगायची. कुठे आयव्हीच्या वेलाची, कुठे पाइन वृक्षाची. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही डहाळी दिसते. इंग्रजीत तर चांगल्या वाइनला डहाळी लागत नाही, अशी म्हणच पडली. म्हणजे माल चांगला असेल तर लोक आपणच येतात.

ऑस्ट्रियात या डहाळीला कायद्याचे बळ मिळाले, ती हकीकत शेतकरी वाचकांनी मुद्दाम ऐकावी. अठराव्या शतकात त्या साम्राज्याच्या दक्षिणेला गोरिझिया भागात एका सरदाराने आपल्या गावच्या गुत्त्यांमधून फक्त आपलीच वाइन विकली जावी असा दंडक घातला. शेतकरी द्राक्षे पिकवी, वाइन करी, पण विकायची कुठे? लोकांनी वर तक्रार नेली. तेव्हा गादीवर दुसरा जोसेफ होता. हा बादशहा घाईचा, हट्टी, पण रयतेची बाजू घेणारा. त्याने १७ ऑगस्ट १७८४ रोजी फर्मान काढले की प्रत्येकाने आपल्या घरी पिकवलेले अन्न, वाइन आणि फळांचा रस वर्षातून केव्हाही, हव्या त्या भावाने विकावा. एका फर्मानाने मधला दलाल बाजूला झाला. शेतकऱ्याने आपल्या अंगणात बाकडी टाकली, दारावर डहाळी लावली आणि वाटसरू थेट पिकवणाऱ्याच्या दारी आला.

त्या दुकानाला तिकडे ‘हॉयरिगर’ म्हणतात. हॉयरिग म्हणजे यंदाचे. यंदाची नवी वाइन ती हॉयरिगर आणि ती जिथे मिळते ते घरही हॉयरिगर. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा सण येतो, त्या दिवशी गेल्या सालची वाइन ‘जुनी’ ठरते आणि नवीला मान मिळतो. दिवाळीनंतर नव्या गुळाची चव पाहतात, तसाच हा प्रकार म्हणा ना. व्हिएन्ना हे राजधानीचे शहर असूनही त्याच्या हद्दीत शेकडो हेक्टर द्राक्षमळे आहेत. तिथला कायदा खऱ्या डहाळीवाल्याला स्वतःच्या मळ्याचीच वाइन विकू देतो. बाहेरून आणून विकायची नाही. त्रिएस्ते शहराच्या वरच्या खडकाळ पठारावर तर अजून चौरस्त्यावर आयव्हीची डहाळी आणि बाण लावलेला दिसतो. त्याच्या मागोमाग आडवाटेने गेले की कोणा शेतकऱ्याचे अंगण येते. तिकडे या दुकानाला ‘ओस्मित्सा’ म्हणतात. स्लोव्हेन भाषेत ‘ओसेम’ म्हणजे आठ, आणि पूर्वी आठ दिवस विकायची मुभा असे, त्यावरून हे नाव.

इतकी चांगली व्यवस्था, तरी तिलाही तडा गेला. १९८५ साली ऑस्ट्रियातल्या काही वाइन व्यापाऱ्यांचे कृत्य उघडकीस आले. हलकी, पातळ वाइन गोड आणि दाट भासावी म्हणून त्यांनी तिच्यात डायएथिलिन ग्लायकोल नावाचे रसायन मिसळले होते. मोटारीचे पाणी गोठू नये म्हणून घालतात त्या जातीचे हे रसायन, आणि ते विषारी. बातमी फुटताच देशोदेशींच्या दुकानांतून ऑस्ट्रियाच्या बाटल्या काढून टाकल्या गेल्या आणि निर्यात कोसळली. पाप व्यापाऱ्यांचे; पण जन्मात रसायनाची बाटली न उघडलेल्या शेतकऱ्याच्या मालाकडेही कोणी बघेना. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, इटलीत स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल घातल्यामुळे वीसहून अधिक माणसे मेली आणि कित्येकांची दृष्टी गेली. मिथेनॉल काय करते ते आपल्याला परक्या देशातून शिकायला नको. विषारी दारूच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांतही येऊन गेल्या आहेत, आणि त्या रात्री कोणाच्या घरी काय झाले ते आपल्यातल्या कित्येक शिक्षकांनी शाळेच्या हजेरीपटावरही पाहिले आहे.

ऑस्ट्रियाने १९८५ सालीच अतिशय कडक कायदा केला. दर्जेदार वाइन सरकारी तपासणीतून गेल्याशिवाय त्या नावाने विकायची नाही. तपासणीचा क्रमांक बाटलीवर हवा आणि झाकणावर देशाच्या झेंड्याचा लाल-पांढरा-लाल पट्टा हवा. गेलेला विश्वास परत यायला बरीच वर्षे गेली, पण तो आला.

आता वाटसरूच्या हातातल्या पुस्तकाकडे येऊ, कारण चाकर पुढे पाठवण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मारियाना स्टार्क या इंग्रज बाईने युरोपच्या प्रवासाची मार्गदर्शिका लिहिली. सरायांची नावे आणि खर्चाचे आकडे दिले, आणि जी चित्रे-पुतळे पाहण्यासारखे, त्यांच्यापुढे तिने उद्गारचिन्हे घातली. वस्तू जितकी थोर तितकी चिन्हे जास्त. मोंतेफियास्कोनेच्या चाकराची आठवण होते की नाही? पुढे जर्मनीतल्या कोब्लेंट्झ गावचा पुस्तकविक्रेता कार्ल बेडेकर याने १८४० च्या दशकात तारका वापरायला सुरुवात केली. हा गृहस्थ स्वतः हिंडून, नाव न सांगता, पाहून लिहिणारा. मिलानच्या भव्य देवळाच्या पायऱ्या मोजताना वीस पायऱ्या झाल्या की तो एक वाटाणा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकी, असे सांगतात. उतरताना पुन्हा तेच, म्हणजे हिशेब जुळतो की नाही ते कळावे. अशा माणसाने सराईला चांगली म्हटले, तर लोक डोळे मिटून जात.

१९०० साली फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी मोटार हाकणाऱ्यांसाठी एक लाल पुस्तक फुकट वाटले. हे दोघे मोटारीच्या टायरांचे कारखानदार. देशात त्या वेळी मोटारी तीन हजारांच्या आसपास, आणि प्रती छापल्या पस्तीस हजार! हिशेब सरळ होता : लोक जास्त हिंडले की टायर जास्त झिजतील. १९२० पासून पुस्तकाला किंमत ठेवली. एका दुकानात आपले फुकटचे पुस्तक टेबलाच्या पायाखाली टेकू म्हणून लावलेले पाहून ही बुद्धी झाली, अशी गोष्ट सांगतात. १९२६ मध्ये चांगल्या खानावळींना एक तारका दिली जाऊ लागली आणि १९३१ मध्ये दोन व तीन तारका आल्या. जिथे वाइनची यादी खास असते, तिथे द्राक्षाच्या घडाची खूण असते. १९४४ साली दोस्त सैन्यासाठी याच पुस्तकाची १९३९ ची आवृत्ती अमेरिकेत पुन्हा छापली गेली, कारण तिच्यात फ्रान्समधल्या गावांचे नकाशे चांगले होते. जेवणाच्या पुस्तकाचा असा उपयोग होईल हे मिशलँ बंधूंच्या स्वप्नातही नसेल.

त्या पुस्तकाचा मान वाढला तो त्याच्या निरीक्षकांमुळे. ते नाव न सांगता येतात, गिऱ्हाइकासारखे जेवतात आणि बिल चुकते करून जातात. आपल्याकडच्या हमरस्त्यावर हाच भेद दिसतो. रात्रीची खासगी बस एखाद्या हॉटेलपाशी थांबते, तेव्हा ड्रायव्हरचे जेवण फुकट असते आणि प्रवाशांचे महाग. ट्रकवाला मात्र स्वतःच्या खिशातून देतो. म्हणून जिथे ट्रक उभे तिथे जेवा, असे आपण म्हणतो. अलीकडे काही देशांची पर्यटन खाती पैसे मोजून त्या तारकांच्या पुस्तकाला आपल्याकडे बोलावतात. तारका विकत मिळतात असे मी म्हणत नाही. पण ज्याच्या खर्चाने साक्षीदार आला, त्याचे नाव वाचकाला माहीत असावे.

काही वर्षांपूर्वी प्राध्यापकांच्या एका सहलीबरोबर मी व्हिएन्नाला गेलो होतो. शहराच्या उत्तरेला श्टामर्सडोर्फ म्हणून जुने गाव आहे, आता ते शहरातच आले. आम्ही चौघे संध्याकाळी तिथे हिंडत गेलो. एका लांबट, ठेंगण्या घराच्या दारावर खांबाला पाइनची डहाळी बांधलेली होती. आत अक्रोडाच्या झाडाखाली लाकडी टेबले, आणि आसपासची म्हातारीकोतारी माणसे पत्ते खेळत बसलेली. सोबतच्या दोघांनी पाव लिटर वाइन घेतली, मी द्राक्षाचा गोड रस घेतला, आणि सगळ्यांनी मिळून भाकरीसारखा काळा पाव आणि चीज खाल्ले. भाषा येत नव्हती, पण घरची सून पंगतीत वाढते तशी ती बाई पुन्हा पुन्हा विचारून जात होती.

दोन दिवसांनी उरलेल्या मंडळींना घेऊन आम्ही मोठ्या डौलात तिथेच गेलो. दार बंद. खांब होता, डहाळी नव्हती. शेजारच्या घरातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी खिडकी उघडून खुणेने सांगितले, त्यांची पाळी संपली. आता पुढल्या महिन्यात. मग त्यांनी गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवले. तिथल्या दारावर कोणी तरी शिडी लावून ताजी, हिरवी डहाळी बांधीत होता.